'द लॉजर' (१९२७) : संशयाची दृश्यभाषा आणि एका मूकपटाचे रसग्रहण

प्रस्तावना

साहित्याच्या अध्यापनात चित्रपटाचा आधार घेणे आता नवीन राहिलेले नाही. मात्र हा आधार बहुधा एखाद्या कादंबरीचे रूपांतर विद्यार्थ्यांना दाखविण्यापुरता सीमित असतो. मूकपटाच्या वाट्याला तर तेवढेही येत नाही. 'ज्यात बोलणे नाही ते अपुरे' अशी एक समजूत आपल्या मनात नकळत घर करून असते आणि मूकपट म्हणजे बोलपटाची बाल्यावस्था, असे मानून आपण पुढे जातो. प्रस्तुत लेखात आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाच्या 'द लॉजर : लंडनच्या धुक्याची गोष्ट' या १९२७ साली प्रदर्शित झालेल्या मूकपटाचे रसग्रहण करावयाचे आहे. एका निरपराध माणसाभोवती संशय कसा जमत जातो आणि त्या संशयात प्रेक्षक स्वतः कसा सामील होतो, हे या चित्रपटाने शब्दांच्या अत्यल्प साहाय्याने दाखविले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हेच या कृतीचे मुख्य आशयसूत्र आहे. खुनी कोण, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम होय.

निर्मितीची पार्श्वभूमी

हिचकॉक यांचा जन्म १८९९ साली लंडनच्या पूर्वेकडील लेटनस्टोन येथे झाला. तारा आणि केबल बनविणाऱ्या एका कंपनीत नोकरी करीत असताना ते चित्रकलेचे शिक्षण घेत होते. १९२० च्या सुमारास त्यांचा चित्रपटसृष्टीत प्रवेश झाला तो मूकपटांतील अक्षरफलकांचा सजावटकार म्हणून. शब्दांचे फलक रंगविणारा हा तरुण पुढे शब्दांवाचून गोष्ट सांगण्यात निष्णात झाला, हा योगायोग मोठा लक्षणीय म्हणावा लागेल. १९२४-२५ या काळात त्यांना जर्मनीत काम करण्याची संधी मिळाली. बर्लिननजीकच्या उफा या चित्रनिर्मितीगृहात एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ हे 'द लास्ट लाफ' (१९२४) या चित्रपटाचे चित्रीकरण करीत असताना त्यांनी ते जवळून पाहिले. अक्षरफलकांचा जवळजवळ संपूर्ण त्याग करूनही कथा सांगता येते, हा धडा त्यांना तेथे मिळाला. छायाप्रकाशाचा तीव्र विरोध, जिन्यांचा आणि सावल्यांचा नाट्यमय उपयोग, मनःस्थितीनुसार वाकणारा अवकाश ही जर्मन अभिव्यक्तिवादाची वैशिष्ट्ये 'द लॉजर'मध्ये ठायी ठायी आढळतात.

येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. हिचकॉक यांचा पहिला पूर्ण चित्रपट 'द प्लेझर गार्डन' १९२५ मध्ये म्युनिकच्या एमेल्का या संस्थेच्या सहकार्याने तयार झाला. त्याच वर्षी, त्याच संस्थेच्या सहकार्याने हिमांशू रॉय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांनी 'प्रेम संन्यास' हा गौतम बुद्धाच्या जीवनावरील मूकपट निर्माण केला. पुढे १९३४ मध्ये मुंबईत मालाडला जी 'बॉम्बे टॉकीज' उभी राहिली, तिची तांत्रिक परंपरा या म्युनिकच्या संबंधातूनच आलेली आहे. हिचकॉक आणि आपला प्रारंभीचा बोलपट यांचे शिक्षण, काही अंशी का होईना, एकाच शाळेत झाले असे म्हणण्यास हरकत नाही.

'द लॉजर' हा हिचकॉक यांचा तिसरा चित्रपट होय. निर्माते मायकेल बाल्कन यांच्या गेन्सबरो पिक्चर्स या संस्थेसाठी तो १९२६ मध्ये चित्रित झाला. पटकथा एलियट स्टॅनार्ड यांची, छायाचित्रण बॅरन व्हेंतिमिल्या यांचे. साहाय्यक दिग्दर्शिका अल्मा रेव्हिल या होत्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या हिचकॉक यांच्या पत्नी झाल्या. चित्रपट पूर्ण झाल्यावर वितरक सी. एम. वुल्फ यांना तो पसंत पडला नाही आणि त्याचे प्रदर्शन रोखण्यात आले. तेव्हा बाल्कन यांनी आयव्हर माँटेग्यू या तरुण चित्रपटप्रेमीस पाचारण केले. माँटेग्यू यांनी अक्षरफलकांची संख्या मोठ्या प्रमाणात घटविली, काही दृश्ये पुन्हा चित्रित करण्याची सूचना केली आणि उरलेल्या फलकांच्या सजावटीचे काम ई. मॅकनाइट कॉफर या चित्रकाराकडे सोपविले. त्यानंतर दाखविल्या गेलेल्या चित्रपटाचे व्यवसायातील नियतकालिकांनी मनापासून स्वागत केले आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये तो सर्वत्र झळकला. पुढे फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या सुप्रसिद्ध मुलाखतींत हिचकॉक यांनी हाच आपला पहिला खरा चित्रपट असल्याचे सांगितले आहे.

कादंबरीपासून चित्रपटापर्यंत

चित्रपटाचा मूलाधार मेरी बेलॉक लाउंडस या लेखिकेची १९१३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली कादंबरी आहे. तिच्यामागे १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात घडलेल्या आणि कधीही उकल न झालेल्या हत्यांची स्मृती आहे. कादंबरीतील बंटिंग दांपत्य पूर्वी श्रीमंत घरांत चाकरी केलेले आणि आता उपासमारीच्या उंबरठ्यावर आलेले आहे. अशा वेळी एक विक्षिप्त पण सभ्य गृहस्थ खोली भाड्याने मागतो आणि आगाऊ पैसे मोजतो. शहरातील खुनांचा आणि या गृहस्थाच्या रात्रीअपरात्री बाहेर जाण्याचा संबंध श्रीमती बंटिंग यांच्या हळूहळू ध्यानात येतो. परंतु त्या कोणाला काही सांगत नाहीत. चूल पेटती ठेवणाऱ्या माणसाला पोलिसांच्या हवाली कसे करावे, हा कादंबरीचा नैतिक पेच आहे. तेथील भाडेकरू खुनी आहे याविषयी वाचकाच्या मनात फारसा संदेह उरत नाही.

चित्रपटाने हा पेच बाजूला सारला. बंटिंग कुटुंब येथे सुखवस्तू नसले तरी हलाखीतही नाही. त्यांची कन्या डेझी एका वस्त्रप्रावरणांच्या पेढीत नवनवे पोशाख परिधान करून ग्राहकांना दाखविण्याचे काम करते. जो हा पोलीस खात्यातील तरुण तिच्यावर अनुरक्त आहे. शहरात दर मंगळवारी रात्री एका सोनेरी केसांच्या तरुणीचा खून होतो आणि खुनी प्रेताजवळ त्रिकोण काढलेली, 'अॅव्हेंजर' अर्थात सूड उगविणारा अशी सही केलेली चिठ्ठी ठेवतो. डेझीचे केस सोनेरी आहेत. अशा एका रात्री तोंडाभोवती गळपट्टा गुंडाळलेला एक तरुण दारात उभा राहतो. येथपर्यंतचा भाग सांगितला की पुढील कथानकाची दिशा कोणाही वाचकाच्या लक्षात यावी. तो तरुण म्हणजेच खुनी, असे वाटावयास लावणाऱ्या खुणांची मालिका सुरू होते, आणि अखेरीस त्या साऱ्या खुणा चुकीच्या वाचल्या गेल्या होत्या असे निष्पन्न होते.

संशयाची दृश्यभाषा

चित्रपटाचा प्रारंभच किंचाळणाऱ्या तरुणीच्या निकटदृश्याने होतो. किंकाळी ऐकू येत नाही, ती दिसते. काचेवर पसरलेल्या केसांमागून प्रकाश टाकल्यामुळे तिचे सोनेरी केस पडदाभर उजळतात. पाठोपाठ 'टुनाइट : गोल्डन कर्ल्स' ही उघडझाप करणारी दिव्यांची जाहिरात येते. रंगभूमीवरील एका कार्यक्रमाची ही जाहिरात खुनाच्या बातमीसारखी वाचली जाते, आणि सोनेरी केस एकाच वेळी करमणुकीचे आणि मृत्यूचे चिन्ह होऊन बसतात.

यानंतरची काही मिनिटे म्हणजे बातमीच्या प्रवासाचा एक लघुपटच होय. टेम्सच्या काठी प्रेत, भेदरलेली साक्षीदार स्त्री, दूरध्वनीवर वृत्त कळविणारा बातमीदार, तारयंत्र, छपाईयंत्रे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे वाहून नेणारी गाडी, रस्त्यावर सरकणारी विद्युत अक्षरे, नभोवाणीवर बातमी ऐकणाऱ्यांचे एकात एक विरघळणारे चेहरे असा हा क्रम आहे. बातमीच्या गाडीच्या मागील बाजूस दोन लंबगोल खिडक्या आहेत. त्यांतून आत बसलेल्या दोघांची डोकी हलताना दिसतात आणि जणू एक चेहरा डोळे फिरवीत शहरभर निघाला आहे असा भास होतो. वृत्तपत्राच्या कचेरीत प्रेक्षकाकडे पाठ करून बसलेली एक स्थूल व्यक्ती दिसते. ते स्वतः हिचकॉक. आपल्या चित्रपटात क्षणभर डोकावण्याची त्यांची पुढील काळात प्रसिद्ध झालेली सवय येथून सुरू झाली.

या भागातील एक छोटा प्रसंग सहज निसटून जाण्यासारखा आहे. साक्षीदार स्त्री खुन्याचे वर्णन करीत असते : उंच, तोंड झाकलेले. तेवढ्यात गर्दीतील एक थट्टेखोर आपला कोट वर ओढून तोंड झाकतो. चहाच्या ठेल्यावरील चकचकीत पृष्ठभागात त्याचे वेडेवाकडे प्रतिबिंब पाहून ती स्त्री घाबरते. खुन्याची प्रतिमा समाजात इतक्या झटपट तयार झाली आहे की कोणीही ती अंगावर घेऊ शकतो. खरा भाडेकरू दारात येण्यापूर्वीच प्रेक्षकाच्या मनात त्याचा साचा सिद्ध आहे. तो येतो आणि त्या साच्यात बसतो.

त्याचे आगमनही पाहण्यासारखे आहे. गॅसच्या मीटरमधील नाण्याची मुदत संपल्याने घरातील दिवे मंदावतात, त्याच वेळी दारावर थाप पडते. दिवे मालवण्याला साधे, घरगुती कारण आहे. तरी प्रेक्षक त्याला अपशकुन समजतो. पुढील जवळजवळ प्रत्येक खूण याच पद्धतीने रचलेली आहे. खोलीतील सोनेरी केसांच्या स्त्रियांची चित्रे तो भिंतीकडे तोंड करून ठेवावयास लावतो. आपली कातडी बॅग कपाटात कुलूपबंद करतो. डेझीबरोबर बुद्धिबळ खेळताना ती खाली पडलेले प्यादे उचलण्यासाठी वाकते आणि त्याचा हात शेगडीजवळच्या लोखंडी सळईकडे जातो. पुढच्या क्षणी तो विस्तव सारतो, इतकेच. सुतावरून स्वर्ग गाठणे या वाक्प्रचाराचा एवढा अचूक दृश्यानुवाद अन्यत्र क्वचितच सापडेल. विशेष म्हणजे स्वर्ग गाठणारे पात्र पडद्यावर नसते. ते काम आपणच करीत असतो.

या चित्रपटातील सर्वांत गाजलेले दृश्य छताचे आहे. भाडेकरू वरच्या खोलीत येरझाऱ्या घालीत आहे. खाली बसलेले कुटुंब वर पाहते. टांगलेले झुंबर हलते, आणि मग छत पारदर्शक होऊन त्याची चालणारी पावले दिसू लागतात. जाड काचेची तक्तपोशी करून आणि खाली कॅमेरा ठेवून हे दृश्य घेण्यात आले. बोलपटात येथे पावलांचा आवाज टाकून भागले असते. मूकपटात आवाज उपलब्ध नव्हता म्हणून दिग्दर्शकाने आवाजाचे दृश्य केले, असे याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते खरे आहे. पण पुरेसे नाही. पावलांचा आवाज हा बाहेरच्या जगातील पुरावा ठरला असता. छतातून दिसणारी पावले मात्र कुटुंबाच्या मनात आहेत. त्यांनी ती पाहिलेली नाहीत, कल्पिली आहेत. साधनांच्या अभावातून आलेली ही युक्ती संशयाचे स्वरूपच उघड करते. रात्री भाडेकरू बाहेर पडतो तेव्हाचे जिन्याचे दृश्यही याच जातीचे आहे. वरून खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याला कठड्यावरून घसरत जाणारा एक पांढरा हात तेवढा दिसतो. माणूस नाहीच.

जो या पोलिसाचा संशय वेगळ्या मुशीतला आहे. तो मत्सरातून जन्मतो. डेझी आपल्यापासून दुरावते आहे हे कळल्यावर तो रस्त्यावरील दिव्याखालच्या बाकावर एकटा बसतो. जमिनीवर भाडेकरूच्या पावलाचा ठसा आहे. त्या ठशात त्याला बॅग, चित्रे, झुंबर असे एकेक दृश्य दिसू लागते आणि पाहता पाहता सूत्र जुळते. तर्काची ही प्रक्रिया चित्रांच्या साखळीतून दाखविणे १९२६ साली धाडसाचे होते. परंतु त्यापेक्षा महत्त्वाचे हे की तर्क निर्दोष दिसत असतानाही त्यामागील प्रेरणा शुद्ध नाही, याची जाणीव चित्रपट आपल्याला देतो. याच जोने पूर्वी थट्टेने डेझीच्या हातात बेड्या अडकविलेल्या असतात. प्रेम आणि अटक यांची ही सरमिसळ त्याच्या व्यक्तिरेखेत आरंभापासून आहे.

मराठी वाचकाला येथे देवलांचे 'संशयकल्लोळ' आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही एका तसबिरीवरून घोटाळ्यांची मालिका उभी राहते आणि येथेही बॅगेत सापडलेले एका तरुणीचे छायाचित्र पुरावा म्हणून पुढे येते. देवलांचा फाल्गुनराव हास्यास्पद ठरतो, कारण त्याच्या संशयाने कोणाचा जीव जात नाही. जोच्या संशयामागे राज्यसंस्थेच्या बेड्या आहेत आणि, पुढे दिसते त्याप्रमाणे, जमावही आहे.

रहस्याकडून उत्कंठेकडे

भाडेकरूच्या खोलीची झडती होते. बॅगेत पिस्तूल, खुनांच्या जागा दाखविणारा नकाशा, वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि ते छायाचित्र सापडते. त्याला बेड्या घातल्या जातात, तो निसटतो आणि दिव्याखालच्या त्याच बाकावर डेझीला आपली हकीकत सांगतो. छायाचित्रातील तरुणी ही त्याची बहीण, खुन्याची पहिली बळी. नृत्यसमारंभात दिवे मालवले गेले आणि तिचा खून झाला. मृत्युशय्येवरील आईने खुन्याला शोधून काढण्याचे वचन त्याच्याकडून घेतले. नकाशा आणि कात्रणे ही शोधाची साधने होती.

रहस्य आणि उत्कंठा यांतील भेद हिचकॉक यांनी पुढील आयुष्यात वारंवार विशद केला. प्रेक्षकापासून माहिती दडवली की रहस्य निर्माण होते. प्रेक्षकाला माहिती दिली आणि पात्राला दिली नाही की उत्कंठा निर्माण होते, असे त्याचे सार आहे. 'द लॉजर'मध्ये हे दोन्ही प्रकार आहेत आणि त्यांची सीमारेषा या बाकावर आहे. येथपर्यंत आपण जेवढे बंटिंग कुटुंबाला ठाऊक तेवढ्यावरच निष्कर्ष काढीत होतो. येथून पुढे आपल्याला भाडेकरूचे निरपराधित्व ठाऊक आहे, पण जगाला नाही. आधी आपण आरोप करणाऱ्यांच्या बाजूला बसलो होतो. आता तीच बाजू आपल्यासमोर जमाव म्हणून उभी ठाकते.

थंडीने कुडकुडणाऱ्या भाडेकरूला घेऊन डेझी एका मद्यगृहात शिरते. बेड्या झाकण्यासाठी त्याच्या अंगावर झगा आहे आणि हात वापरता येत नसल्यामुळे ती स्वतः पेला त्याच्या ओठांना लावते. हे पाहून भोवतालच्या लोकांच्या भुवया उंचावतात. ती दोघे गेल्यावर जो तेथे येतो, चौकशी करतो आणि त्या चौकशीनेच लोक पेटून उठतात. इतक्यात दूरध्वनीवर त्याला कळते की खरा खुनी काही वेळापूर्वीच रंगेहाथ पकडला गेला आहे. आपणच चेतविलेल्या जमावामागे धावत जाऊन त्या माणसाला वाचविण्याची पाळी त्याच्यावर येते. तोवर पळणारा भाडेकरू लोखंडी कुंपणावरून उतरताना बेड्यांमुळे अडकून लोंबकळत राहतो. दोन्ही बाजूंनी हात त्याला ओरबाडतात. चेहऱ्यावर रक्त, हात वर ताणलेले, मान कललेली. ही चौकट क्रूसावरील ख्रिस्ताची आठवण करून देते हे अनेक समीक्षकांनी नोंदविले आहे. साप म्हणून भुई धोपटणारे हे लोक दुष्ट नाहीत. थोड्या वेळापूर्वी ते शांतपणे मद्यपान करीत होते. अफवेवरून अनोळखी माणसाला घेरून मारल्याच्या घटना आपल्याकडेही घडल्या आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार केले. ती माणसे भिक्षुकी करून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातील होती. ही घटना ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना हे कुंपणाचे दृश्य लंडनचे वाटत नाही. वर्गात हा चित्रपट दाखविताना पहिल्या काही मिनिटांत नटांच्या हावभावांना हसणारे विद्यार्थी येथे गप्प होतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

शेवटाचा प्रश्न

चित्रपटाचा नायक आयव्हर नॉव्हेलो हा त्या काळातील इंग्लंडचा अत्यंत लोकप्रिय नट आणि संगीतकार होता. अशा नटाने खुनी ठरणे व्यवसायाला मानवणारे नव्हते. भाडेकरू अपराधी की निरपराध हे अनिश्चित ठेवून त्याला अंधारात नाहीसे होऊ देणे आपल्याला अधिक पसंत पडले असते, असे हिचकॉक यांनी पुढे सांगितले. यावरून चित्रपटाचा शेवट म्हणजे तडजोड, असे मत रूढ झाले आहे. १९४४ साली जॉन ब्राह्म यांनी याच कादंबरीवर केलेल्या बोलपटात भाडेकरूच खुनी आहे. तो चित्रपट प्रभावी आहे; पण तेथे प्रेक्षकाचा संशय खरा ठरतो आणि त्याला स्वतःकडे वळून पाहावे लागत नाही. तडजोड म्हणून आलेल्या शेवटाने १९२७ च्या चित्रपटाला जे दिले ते मूळ योजनेत कदाचित नसतेही. अनिश्चित शेवटाने प्रेक्षकाला एक कोडे मिळाले असते. निरपराधित्वाच्या शेवटाने त्याच्या हाती त्याचाच निवाडा येतो, आणि तो चुकलेला आहे.

अर्थात हा शेवट वाटतो तितका निष्कलंकही नाही. भाडेकरू पिस्तूल घेऊन हिंडत होता. तो सूड घेण्यासच निघाला होता आणि 'सूड उगविणारा' हे नाव त्यालाही लागू पडते. बहिणीच्या मृत्यूची हकीकत आपण त्याच्याच तोंडून ऐकतो. खरा खुनी तर संपूर्ण चित्रपटात एकदाही दिसत नाही. तो पकडला गेल्याची बातमी तेवढी येते. बातम्यांवर विसंबण्याचे परिणाम दीड तास पाहिल्यानंतर ही शेवटची बातमीही आपण बातमी म्हणूनच स्वीकारतो.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१२ साली हिचकॉक यांच्या उपलब्ध नऊ मूकपटांचे पुनरुज्जीवन केले. त्यात 'द लॉजर'च्या रात्रीच्या दृश्यांची निळी आणि घरातील दृश्यांची पिवळसर रंगछटा पुन्हा अवतरली. या प्रतीसाठी नितीन सॉनी या भारतीय वंशाच्या ब्रिटिश संगीतकाराने नवे संगीत रचले. ऑस्टेन यांच्या 'प्रपंच पाश' (१९२९) या मूकपटालाही त्यांचेच नवे संगीत लाभले आहे. 'द लॉजर'मध्ये मात्र त्यांनी योजलेली गायलेली गीते प्रस्तुत लेखकास खटकतात. जेथे मुद्दाम शब्द कमी केले आहेत तेथे ते पुन्हा आणून बसविण्याचे प्रयोजन समजत नाही. अध्यापकांनी निदान त्या भागात आवाज बंद करून चित्रपट दाखवावा.

शेवटच्या दृश्यात भाडेकरू आपल्या भव्य प्रासादात डेझीला जवळ घेतो. बंटिंग दांपत्य नव्या श्रीमंतीने बावरून उभे आहे. संशयाने घेरलेला माणूस खोली भाड्याने घेणारा उपरा नसून त्यांच्याहून कितीतरी वरच्या वर्गातला होता, हे आता उघड झाले आहे. मागच्या खिडकीतून रात्रीचे लंडन दिसते. नायक नायिकेचे चुंबन घेण्यासाठी झुकतो, आणि त्यांच्यामागे दूरवर, पहिल्या खुनाच्या वेळी दिसलेली दिव्यांची ती जाहिरात अजून उघडझाप करीत असते.